दहा दिवसांचा बेल

लोक मला विचारतात, फिरायला एवढ्या लांब न्यूझीलंडला कशाला गेलात? महाबळेश्वर काय वाईट आहे? काहीच वाईट नाही. पण महाबळेश्वरला गाडीतून उतरलं की पहिला माणूस लातूरचा भेटतो आणि दुसरा निलंग्याचा, आणि दोघंही विचारतात, "दुकान कोन बघून राहिलं?"

दुकान माझ्या सासूबाईंचं. उदगीरला कापडाचं. घरात आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो. चाळीस वर्षं त्या गल्ल्यावर बसल्यात आणि गिऱ्हाइकानं त्यांना कुठंच सोडलं नाही. दवाखान्यात सलाईन लावलेलं असताना एक बाई त्यांना विटलेला ब्लाऊजपीस दाखवून गेली! मी शिरूर अनंतपाळला शाळेत शिकवते. तिथून टूरवाल्यांचं रंगीत पुस्तक घरी आणलं, तर अव्वांनी दुबई उलटली, सिंगापूर उलटलं आणि शेवटच्या पानावरच्या हिरव्या डोंगरावर बोट ठेवलं.

"हितं आपलं गिऱ्हाईक हाय का कोनी?"

"अव्वा, तिथं माणसंच कमी आहेत. मेंढ्या जास्त."

"मग हितंच."

माझंही मन तिथंच होतं. आपल्याकडं उन्हाळा तेव्हा तिकडं थंडी, हे मी अठरा वर्षं पोरांना चेंडू आणि बॅटरी घेऊन शिकवलंय. एकदा चेंडूच्या खालच्या बाजूला जाऊन उभं राहावं, एवढीच हौस. नवरा म्हणाला, दुकान मी बघतो, तुम्ही दोघी जा.

जाऊन आले, म्हणून ठासून सांगते, परदेश बघायचा तर लांबचा बघावा. तिथं तळ्याकाठच्या बाकावर अव्वा दोन तास बसल्या आणि त्यांना कुणी कशाचाही भाव विचारला नाही. पण त्याआधी, पहिल्याच सकाळी विमानतळावर, माझी चांगली शोभा झाली.

आम्ही लिंगायत. अव्वांच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असतं. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाची तीन पानं वाहायची, मग चहा. बेल वाहिला नाही तर दिवसभर नुसतं पाणी. त्यात त्यांना शुगर. दहा दिवसांची तीस पानं त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घेतली. पानं, फुलं, बी-बियाणं असलं तर सांगायचं, असं टूरवाल्यांच्या कागदावर लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं. अव्वांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या आल्याच नसत्या. डबा माझ्या मोठ्या बॅगेत साड्यांखाली दडवला आणि विमानात भरायच्या कागदावर 'नाही'च्या चौकटीत खूण केली. तीस पानांनी कुणाचं राज्य बुडतंय, असं वाटलं मला.

बॅग विमानाच्या पोटात गेली. म्हणून विमानात बेल नाही, आणि बेल नाही म्हणून अव्वांचं जेवण नाही. उतरून बॅग ताब्यात घेतली, तोवर त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. तरी हातपाय धुऊन, पदर सारखा करून त्या माझ्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या.

हातमोजे घातलेल्या उंच अधिकाऱ्यानं विचारलं, पानं, बिया, काही आणलंय? मी मान हलवत, वर्गात बोलते तशा खणखणीत आवाजात नाही म्हटलं.

"काय इचारलं गं त्यानं?" अव्वा.

"पानं-फुलं आणलीत का म्हणतोय."

"मग तू मान अशी का हलवलीस?"

"गप्प बसा ना अव्वा! काढून घेतील. मग दहा दिवस खाणार काय तुम्ही?"

अव्वा गप्प बसल्या, पण हात काही गप्प बसले नाहीत. सगळ्या ग्रुपसमोर त्यांनी माझी बॅग उघडली, परकर, ब्लाऊज बाजूला सारले आणि डबा काढून त्या माणसासमोर ठेवला. "हाव. हाय," म्हणाल्या.

त्यानं माझा कागद बघितला, मग माझ्याकडं बघितलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तो चिडला नाही. पानाबरोबर एखादी कीड आली तर आमच्या सगळ्या बागा जातील, म्हणाला. मी खाल मानेनं ते मराठीत सांगितलं.

"खरं हाय की त्याचं," अव्वा म्हणाल्या. "आपल्याकडं गाजरगवत असंच कुनाच्या तरी गव्हासंगं आलं. आजून उपटून राहिलो. तू आधी तो कागद नीट कर."

त्यानं मला खोडून 'आहे' करू दिलं आणि पुन्हा असं करू नका म्हणाला. कॉपी करणाऱ्या पोरांना मी नेमकं हेच वाक्य ऐकवते.

"त्याला म्हनावं, धा मिनटं दे. वाहते आन् मग देते."

त्यानं दुसऱ्याला विचारलं आणि बाजूचं रिकामं टेबल दाखवलं. अव्वांनी लिंग तळहातावर घेतलं, भस्म लावलं. मग तीन पानं वाहिली, आणखी तीन, आणखी तीन. तीसच्या तीस. लिंग दिसेनासं झालं. "धा दिसाचा एकदमच घे बाबा," देवाला म्हणाल्या, "मागनं कुरकुर करू नगं." थोडा वेळ डोळे मिटले. मग पानं गोळा करून दोन्ही हातांनी त्या माणसाला दिली. "आता ह्ये निर्माल्य हाय. पायदळी तेवढं पडू देऊ नगं." मी ते त्याला इंग्रजीत सांगितलं. त्यानंही दोन्ही हातांनी घेतलं.

घरून आणलेली धपाट्यांची पुरचुंडी त्यानं बघून परत दिली. बाहेर बाकावर बसून अव्वांनी एक मोडलं आणि अर्धं माझ्यासमोर धरलं.

"तुम्ही आधी खा, शुगर उतरली असेल."

"माझं ऱ्हाऊ दे. इमानात दोनदा ताट आलं, दोन्ही डाव तू तसंच माघारी दिलंस. मी देवापायी उपाशी व्हते. तू कशापायी गं?"

मला रडूच फुटलं. अव्वांनी धपाटं माझ्या हातात कोंबलं आणि मी पहिला घास गिळेपर्यंत त्यांनी तोंडात काही घातलं नाही.