इतिहासाच्या तासाले माहा सौदा झाला

हातातलं काम ठेवा अन् आधी हे ऐका, मले दम धरवून नाई राह्यला!

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी हिंगणघाटले नववीत होतो. सरांनी अमेरिकेतल्या गुलामगिरीचा धडा काढला. म्हने, "आपल्या जिनिंगात येते ना कापूस, तसाच कापूस तिकडं विकत घेतलेली मानसं वेचत. वाचून नाई समजत हे. गुलामांच्या बाजाराचं नाटक करू!"

मले गुलाम करून टेबलावर उभं केलं. नियम एकच, गुलामानं बोलाचं नाई. माह्या बाकावरचा दोस्त गिऱ्हाईक झाला. मी खुश! म्हटलं, आपलाच मानूस हाय.

पन मानसं विकताना कोनं पाह्यली होती? पोरांनी पाह्यला होता तो बैलबाजार. दोस्ताचे बाबा तं बैलांचेच व्यापारी. त्यानं आल्याबरोबर माह्या गालात बोटं घालून जबडा उघडला.

"अबे, दात किडले याचे!"

पोरं खो खो हासली. मीबी हासाले गेलो, तं त्याचा अंगठा तोंडात. मंग पोटरीवर थाप.

"चालवून दाखव. लंगडत तं नाई?"

"अजी, वखराले जुपून पाहा!" दलाल झालेला पोरगा म्हने. मले उतरवलं, दारापावतर चालवलं, पुन्हा चढवलं.

मी डोये मोठे करून दोस्ताले खुनावलं, बस कर. रोज माह्या डब्यात जेवनारा तो, माह्या तोंडाकडं पाहेच ना! अन् मांगून सर, "वा! काय अभिनय!"

मंग दोस्तानं अन् दलालानं हातांवर दुपट्टा टाकला अन् खाली एकमेकाची बोटं धरली. बैलाचा भाव असाच ठरते, मुक्यानं. कपड्याखाली काहीतरी हालून राह्यलं होतं, ते माह्याबद्दल होतं, अन् मलेच दिसत नोतं. 'मी नाई खेयत' असं ओरडाचं होतं. पन गुलामानं बोलाचं नाई.

"झाला सौदा." दोस्तानं माहं मनगट धरून ओढलं. दोर नोता, कोनी बांधलं नोतं, तरी मी मुकाट त्याच्या मांगं गेलो. टाया वाजल्या.

दाराबाहेर त्यानं हात सोडला. "चाल बे, पानी पिऊ."

मले हलताच येईना. त्यानं पुन्हा मनगट धरून ओढलं, तवा कुठं पाय उचलला.

सांगा ना, तुमचंबी झालं काय असं कधी? खेय संपला, अन् तुमचे पाय दुसऱ्यानं ओढाची वाट पाहत तसेच थांबले?