नकाशेबाईंनी बदललेले रंग

गॅसच्या नळांचे नकाशे सांभाळणाऱ्या त्या कचेरीत त्यांना सगळे नकाशेबाईच म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथंच सुखात होतं. बावीस वर्षं बाई एकाच खिडकीशी बसत होत्या. सकाळी आठला खोदकामाच्या टोळ्यांचे मुकादम खिडकीबाहेर येत, गल्ली सांगत, आणि त्या गल्लीच्या पोटातून नळ कुठून कसा गेलाय त्याचा कागद बाई छापून देत. तो कागद बघूनच यंत्र जमिनीला हात लावायचं. बाईंच्या कामात इकडचं तिकडं झालेलं चालण्यासारखं नव्हतं.

कचेरीत नवे संगणक आले तरी बाईंनी आज्ञा टाइप करायचा काळा पडदा सोडला नाही. माऊस हे त्यांच्या मते आळशी माणसाचं खेळणं. काळ्या पडद्यावर दोन अक्षरं टाइप केली की गल्लीच्या सगळ्या फाइलींची यादी हजर. एकेका गल्लीचे पाच-सहा नकाशे असत. नवा आला की जुना रद्द व्हायचा, कधी नवाच चुकीचा निघायचा आणि जुना पुन्हा मंजूर व्हायचा, त्यामुळे नुसत्या नावावरून काही कळायची सोय नव्हती. म्हणून बाईंनी एक युक्ती काढली. मंजूर नकाशाच्या फाइलीला त्या 'ही चालवता येईल' अशी परवानगी देऊन ठेवू लागल्या. नकाशा काही चालवायचा नसतो, पण तशी परवानगी असलेली फाइल यादीत आपोआप हिरवी दिसते. उरलेल्या फाइलींना त्यांनी लाल रंग लावला. हिरवा तो खरा, लाल तो मेला. बघता बघता सगळ्या कचेरीनं ही रीत उचलली आणि बाईंची मान दोन बोटं उंच झाली.

रंगांवाचूनही काम होत असे, नाही असं नाही. आणखी एक अक्षर टाइप केलं की लांब यादी येते आणि प्रत्येक नावापुढं परवानगीची अक्षरं दिसतात. शेजारच्या टेबलावरचे, नव्या गॅसजोडण्या बघणारे जोडणीवाले काका तीच यादी वाचायचे, ओळीवर बोट ठेवून. बाई त्यांना सोडत नसत. "काय काका, आज पण काठी टेकत टेकत?" काका हसायचे आणि बोट पुढच्या ओळीवर न्यायचे.

गेल्या वर्षी बाईंच्या पडद्यावरचा हिरवा मळला. आधी त्यांनी पडदाच पुसला. मग संगणकाला शिव्या घातल्या. महिन्याभरानं लालही मळला आणि दोघं एकाच मातीचे दिसायला लागले, तेव्हा बाई गुपचूप डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डोळ्याच्या आतला पडदा झिजत चाललाय, चष्म्यानं भागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी तो कागद कपाटात साड्यांखाली ठेवला आणि घरात कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या आईचंही असंच झालं होतं. शेवटी शेवटी आई भर दुपारी विचारायची, "अजून दिवा लावला नाहीस का गं?" त्या प्रश्नाची बाईंना अजून धडकी भरते. कचेरीतली धडकी निराळी. तिथं डोळे गेलेल्या माणसाला तळघरातल्या भांडारात बसवत, जुन्या मीटरांच्या सोबतीला.

मग बाई रंगांच्या मागे लागल्या. रंग ठरवणारी एक साधी फाइल असते, तिच्यात प्रत्येक रंगाचा आकडा. एकतीस लाल, बत्तीस हिरवा, तेहतीस पिवळा. आकडा बदलला की रंग बदलतो. बाईंनी हिरवा ठळक केला, तो तीन आठवडे पुरला. हिरव्याच्या जागी पिवळा आणला, तो महिनाभर. मग मंजूर नकाशे पांढरे शुभ्र आणि रद्द नकाशे करडे केले. जरा निभावतंय म्हणेपर्यंत करडे नकाशे काळ्यात बुडाले, दिसेचनात. बाईंचा पाय टेबलाखाली सतत हलत असायचा. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून त्या आकडे बदलत बसायच्या. लांब यादी घेतली असती तर एका दिवसात सगळं मिटलं असतं. पण मग काकांच्या देखत ओळीवर बोट ठेवावं लागलं असतं. माणसाचा ताठा कुठं अडकून बसेल काही सांगता येत नाही.

काल कचेरी सुटताना त्यांनी आणखी एक प्रयोग केला. रद्द नकाशांच्या नावामागं त्रेचाळीस आकड्याचा पिवळा पट्टा लावला, म्हणजे धोका कसा डोळ्यात भरेल. यादीत पट्टा ठळक दिसला. बाई खूश होऊन घरी गेल्या.

आज सकाळी खिडकीशी उंच मुकादम आला. बोलणं कमी आणि खोकणं जास्त असा हा माणूस बाईंच्या पहिल्या वर्षापासून येत होता. "शाळेमागची गल्ली," तो म्हणाला. बाईंनी यादी काढली. महिनोन् महिने जे जास्त उठून दिसेल ते खरं, अशी डोळ्यांना सवय लागलेली. डोळे गेले थेट पिवळ्या पट्ट्यावर. बाईंनी तो नकाशा छापला आणि दिला.

साडेदहाला जोडणीवाले काका सहज म्हणाले, "शाळेमागचा चार नंबरचा मंजूर आहे ना हो? पाचवा रद्द केला होता आपण."

बाईंचा हलता पाय थांबला. जुन्या आज्ञा परत दाखवणारा वरचा बाण त्या दाबत गेल्या. सकाळची आज्ञा पडद्यावर आली. छापला होता पाचवा. बाईंनी लांब यादी काढली, ओळीवर बोट ठेवलं, एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. काका बघत होते. बघू देत.

मुकादमाला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, पाचव्यांदा तेच. बाई उठल्या, बसल्या, परत उठल्या आणि साहेबांच्या खोलीत न विचारता शिरल्या.

"शाळेमागच्या गल्लीच्या गॅसची चावी बंद करायला सांगा. आत्ताच्या आत्ता. मी रद्द नकाशा दिलाय."

साहेबांनी आधी चावीवाल्याला फोन केला आणि मग विचारलं, "असं कसं झालं बाई?"

"टाइप करताना बोट घसरलं."

"होतं हो कधी कधी. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी सोडलं नसतं."

इतकं सोपं होतं ते. बाई जागेवर आल्या. आपण सुटलो याचा आनंद त्यांना झाला, आणि त्याची त्यांना लगेच लाजही वाटली.

पाच मिनिटांत मुकादमाचा फोन आला. "खड्ड्यात होतो. काय झालं?"

"यंत्र थांबवा! नकाशा चुकीचा आहे."

"यंत्र लावलंच नाही. नळ सापडला, तुमच्या कागदापेक्षा हातभर अलीकडं आहे. फावड्यानंच खणतोय."

"फावड्यानं का?"

मुकादम खोकला. "हल्ली तुमचा कागद असला की आधी फावड्यानंच बघतो. पोरांनाही तसंच सांगून ठेवलंय."

"हल्ली म्हणजे?"

"पाण्याच्या टाकीपाशी एकदा चुकला होता. मग बाजाराच्या मागं. आजचा तिसरा."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"कोणत्या तोंडानं सांगणार? इतकी वर्षं तुमच्या कागदावर विश्वास ठेवून माणसं खाली उतरवली. एकही दगावलं नाही. म्हटलं, बाईंचं काहीतरी बिघडलंय, आपण आपलं जपून घेऊ." तो पुन्हा खोकला. "पण पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. माझ्या जागी नवीन मुकादम येणार. त्याला मी काय सांगून जाऊ, ते तुम्हीच सांगा."

बाईंनी फोन ठेवला. टाकीपाशी. बाजाराच्या मागं. दोन्ही वेळा त्या घरी जाऊन शांत झोपल्या होत्या. काकांनी विचारलं, "पाणी देऊ का?" त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि पुन्हा साहेबांच्या खोलीकडे निघाल्या. या वेळी दारावर टकटक केली.

"या बाई. सगळं ठीक ना?"

"साहेब, बोट घसरलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "मला दिसत नाही."