तपासणीच्या खोलीतली सुरंगी

जंतुनाशकाच्या उग्र वासातूनही तपासणी करणाऱ्या बाईच्या केसांतली सुरंगीची वेणी दरवळायची. दरवर्षी स्तनांच्या क्ष-किरण तपासणीला मी गेले की यंत्राची गार पट्टी ती आधी आपल्या तळव्यांनी उबदार करायची. “वायच श्वास धरा, बाय,” म्हणताना स्वतःचाही श्वास रोखून धरायची.

यंदा संगणकाने माझ्या प्रतिमेवर लाल वर्तुळ काढले. “हो कॉम्प्युटर सासूसारखो, सावलेचोय संशय घेता,” ती म्हणाली आणि ते वर्तुळ मला दिसू नये म्हणून पडद्याला पाठ लावून उभी राहिली. डॉक्टरांनी पुन्हा काढलेली प्रतिमा बराच वेळ निरखली. “गाठ नाही,” ते म्हणाले.

आमच्या मुलखात निरोप घेणाऱ्याला कुणी जायला सांगत नाही, “येवा” म्हणतात. दवाखान्याच्या दारात ती मात्र मला दटावत म्हणाली, “जावा!”