बराखीचा शेवटचा खण

त्या वर्षी हे फौजेतून जत्रेच्या सुट्टीवर आले आणि कांदा काढून होतोय तोवर माघारी बोलावणं आलं. सीमेवर वातावरण तापलेलं, सगळ्यांच्या रजा रद्द. निघायच्या आदल्या दिवशी यांनी बराख, म्हणजे कांद्याची चाळ, भरली. कांदा आधी शेतातच पातीखाली सुकू द्यायचा, मान वाळून बारीक झाली की मगच बराखीत घालायचा, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण काम अर्धवट टाकून जायचा यांचा स्वभाव नाही. ओल्या मानेचा कांदा तसाच तिन्ही खणांत भरला, वर उसाचं पाचट अंथरलं, हात झटकले आणि म्हणाले, "मी आल्यावर फोडू. तवर कुणी हात लावू नका."

झालं. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते वाक्य देवाच्या कौलासारखं धरलं. ज्याच्या हातानं बराख झाकली त्याच्याच हातानं उघडायची, ही त्या घरची रीत. माझं माहेर पारगावकडचं. तिकडं कांदा नासला की जो मोकळा असेल तो बराख फोडतो. पण हे सासरी बोलायची सोय नव्हती.

यांचा फोन लागेना. जाताना सांगितलं होतं, फोन बंद लागला तर घाबरू नको. खरं सांगायचं तर मला घाबरायला सवडच नव्हती. गायींच्या धारा, पोरीचा डबा, डेअरी, मग उसाला पाणी. बिबट्या उसातच मुक्कामाला, म्हणून मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावून बांधावरनं चालायचं. गाण्यातलं एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही.

डेअरीवर रोज तेच. "वहिनी, भाऊंचा फोन आला का?" नाही म्हटलं की माणसं अशी तोंडं करायची की मीच त्यांना धीर द्यावा. शेजारच्या एका दिरानं तर यांचा फोटो तिरंग्यासकट स्टेटसला लावला, खाली हात जोडलेले. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "भाऊजी, तो फोटो आधी काढा. माणूस जित्ता हाय अजून." त्यांनी मुकाट काढला.

घरात आत्या टीव्हीपुढं. हिंदी बातम्यांतला तो आरडाओरडा त्यांना निम्मा कळत नव्हता, सायरन मात्र बरोबर कळायचा. तो वाजला की घास हातातच राहायचा.

मग वळीव झाला आणि बराखीला वास सुटला. खालून काळं पाणी पाझरायला लागलं.

"आत्या, नासतोय कांदा. फोडूया."

"नासू दे."

"समदा जाईल."

"जाऊ दे. माझ्या लेकानं सांगितलंय, तो आल्यावर फोडायची. तो येणार न्हाई, असं म्हणायचंय का तुला?"

कांदा वाचवायचा तर यांच्या येण्यावरचा विश्वास मोडल्यासारखं, आणि विश्वास धरून बसायचं तर वर्षाचा कांदा उकिरड्यावर. तीन-चार दिवस तो वास सोसला. मग एका सकाळी धारा झाल्यावर पदर खोचला आणि पहिला खण फोडला.

आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "फोड. लई घाई झालीया तुला."

"मग निवडायला तरी या," मी म्हटलं. लग्नापासून पहिल्यांदाच उलट बोलले. त्या आत निघून गेल्या आणि माझ्याशी बोलणं बंद.

दोन खण एकटीनं फोडून निवडत आणले. धड होता तो नारायणगावच्या बाजारात धाडला, बाकीचा उकिरड्यावर. हाताचा वास जाईना, भाकरीलाही तोच वास. मला यांचा राग आला. जिथं माणसाच्या जिवाची शाश्वती नाही तिथं असलेल्या नवऱ्याचा राग येतोय, याची लाज वाटली, आणि तरी राग काही जाईना. ओला कांदा भरून गेलात आणि वर हुकूम सोडून गेलात!

तिसऱ्या खणाचं पाचट ओढलं आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. मी कोपरापर्यंत बरबटलेली, तशीच फोन कानाला लावला.

"बरं हाय ना समदं?" आवाज बसलेला, पण यांचाच.

"हाय." आत्या धावत आल्या आणि माझ्या खांद्याला कान लावून उभ्या राहिल्या.

"बराख फोडली न्हाई ना? मी येतोय. आल्यावर फोडू."

"न्हाई," मी म्हटलं. "हात सुदिक लावला न्हाई. तुमचीच वाट बघतोय."

फोन कट झाला. आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मग रिकाम्या खणांकडं. खाली पडलेलं पाचट उचलून त्यांनी तिसऱ्या खणावर परत पसरलं, दोन्ही हातांनी दाबलं. "ह्यो ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. आणि पाटी घेऊन दुसऱ्या खणातल्या उरलेल्या ढिगापाशी निवडायला बसल्या.

हे आले तेव्हा पाऊस चांगला लागला होता. पाठीवरची बॅगही न उतरवता थेट बराखीकडं गेले. दोन खण रिकामे, एकच झाकलेला.

"तू तर म्हणाली व्हतीस..."

"म्हणाले व्हते."

त्यांनी पाचट उचललं. वास अंगणभर पसरला. आत नुसता चिखल. त्यात हात घालून ते चाचपत राहिले, एखादा टणक कांदा सापडला की पँटला पुसून बाजूला ठेवायचे. आत्या शेजारी पाटी धरून बसल्या, जणू सोनंच निघतंय.

मीही जाऊन बसायला हवं होतं. नाही गेले. ओसरीवर बाज होती, तिच्यावर आडवी झाले. हे गेल्यापासून दिवसाउजेडी पाठ टेकली नव्हती. त्या वासातच मला झोप लागली. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती, गोठ्यातून बादलीत धार पडल्याचा आवाज येत होता. कोण काढतंय ते बघायलाही मी उठले नाही.