कॅलेंडरवर न आलेली मुलगी

दसऱ्याच्या आधीचे दिवस, आणि बांधापासून विहिरीपर्यंत फुललेला झेंडू... त्याचा उग्र, किंचित कडवट वास हातांना असा चिकटून राही, की शाळेत इंग्रजीचा तास घेताना माझ्या खडूलाही तो येई. मखमलाबादच्या आपल्या मळ्यातली ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नातवंडांनो, तुमची आई, म्हणजे माझी लेक, तेव्हा नऊ वर्षांची होती.

एका सकाळी मुंबईहून कॅलेंडरसाठी फोटो काढणारे एक गृहस्थ आले. त्यांना फुलांवर दव हवं होतं. ऊन तर चढलेलं — म्हणून त्यांनी तोडून ठेवलेल्या ढिगावर बादलीभर पाणी शिंपडलं. तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, कडाडल्या, "अहो भाऊ, ओलं फूल क्रेटमध्ये काळं पडतं. दव वाळल्यावर तोडतो ते काय उगाच? आता हा ढीग तुम्हीच न्या मुंबईला."

ते हसले. "आजी, फोटो नुसता काढायचा नसतो, घडवायचा असतो."

मग तुमच्या आईच्या डोक्यावर फुलांची पाटी देऊन ते म्हणाले, "बेटा, चष्मा काढ."

तो चष्मा तिला जूनमध्येच लागला होता. पहिल्यांदा घातला तेव्हा ती हळूच म्हणाली होती, "आई, लिंबाला सुटी सुटी पानं असतात." पण वर्गातल्या मुली 'चष्मिस' म्हणून चिडवत, आणि ती तो दप्तरात लपवी. आज शोभेसाठी उतरला, तर पुन्हा डोळ्यांवर चढणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. तिने मात्र लगेच काढला.

मी तो पुन्हा तिच्या नाकावर बसवला. "फुलांचं काय घडवायचं ते घडवा. माझी मुलगी आहे तशीच."

"मॅडम, खेड्यातल्या मुलीला चष्मा शोभत नाही."

"तिला त्यातून दिसतं. शोभेचं तुम्ही बघा."

त्यांनी शेजारच्या मळ्यातली मुलगी उभी केली — आपल्याच झेंडूत, आपलीच पाटी देऊन. कॅलेंडर देखणं निघालं. तुमची आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही... पण रुसून बसली ती चष्मा लावूनच.

मला पश्चात्ताप नाही. फोटो थोडाफार घडवलेलाच असतो, हे मीही जाणते. वाढदिवसाला तिची वेणी दोनदा घालून मीच तिला कॅमेऱ्यापुढे उभी करत असे. पण माणसातलं काय वजा करायचं, हे ठरवण्याचा हक्क मी कॅमेरा धरणाऱ्याला कधीच दिला नाही.

आता मळ्याच्या जागी इमारती आहेत. पणजीही नाहीत. परवा तुमच्या शाळेतला फोटो आला. सई, गोड दिसतेस... पण तुझ्या नाकाच्या दोन्ही बाजूंना लालसर खुणा आहेत. चष्मा काढायला कुणी सांगितलं, तेवढं मला कळव.