हौसाआत्याचा सत्कार

चहा गार झाला की हौसाआत्या कपाला रागवायची. चहा परत वाफाळायचा.

चपला दारात काढताना त्यांना बजावायची, "भांडू नका गं."

सख्ख्या भावालाही "या पावणं" म्हणायची.

वीज गेली की खिडकीतून चंद्राला जरा अलीकडं सरकायला सांगायची. तो सरकायचा. अमावस्येला मात्र मेणबत्ती लावायची.

सकाळी उठल्यावर मैनाशी बोलून झाल्याशिवाय माणसांशी बोलायची नाही. मैना ही तिची म्हैस.

फोटो काढताना डोळे मिटायची.

हे सगळं मी पाहिलेलं आहे. मी मराठीत एम.ए. केलं आहे. पुस्तकात असं काही आलं तर त्याला काय म्हणायचं, ते आम्हाला शिकवलं होतं. समोर घडलं तर काय करायचं, ते शिकवलं नव्हतं. मी चहा पीत राहिले.

गंगावेशीच्या मागच्या आमच्या गल्लीत आत्या खालच्या खोलीत राहायची. वर तिचा भाचा विजयसिंह, त्याची बायको वर्षाराणी आणि त्यांची मुलगी मोना. आत्या दोन-चार घरांना दूध घालायची आणि उरलेला दिवस पोरांत घालवायची. तिचं लग्न झालं होतं. जयसिंगपूरला दिली होती. वर्षभरात परत आली. का, असं मी एकदा विचारलं.

"तिकडं समद्यांना माझा उपेग करायचा होता," ती म्हणाली.

तिची जादू फक्त पोरांसाठी चालायची. "मोठ्यांसाठी केलं की फुसकं जातंय बघ," ती सांगायची. तिनं प्रयत्न करून पाहिला होता. विजयसिंहाला नोकरी लागावी म्हणून एकदा काहीतरी पुटपुटली, तर त्याच्या मोटरसायकलची चावी हरवली. तेवढंच झालं.

मागच्या उन्हाळ्यात गल्लीला तिची जादू पहिल्यांदा दिसली. म्हणजे होती आधीपासून. लोकांनी मोबाईलमधून मान वर केली नव्हती. आत्या सकाळी पिंपळाची सावली गोळा करायची, चादरीसारखी घडी घालून ट्रंकेत ठेवायची. दुपारी पोरं खेळायला आली की ती गल्लीत अंथरायची. पोरं त्या गारव्यात लंगडी घालायची.

दोन दिवस लोकांनी आश्चर्य केलं. तिसऱ्या दिवशी सावलीत गाड्या लागल्या.

"आत्या, जरा हिकडं वढा की," समोरचे शांतिनाथशेठ म्हणाले. त्यांचं खाली किराणा दुकान, वर घर. "माझी सीट लई तापतीया."

"गाडी काय लंगडी घालतीया व्हय, शेठ?"

"तसं न्हवं. पर सावली सार्वजनिक हाय की."

गाड्या लागल्या तशी सावली विरत गेली. पोरं उन्हात आली. मग आत्यानं त्यांच्यासाठी दुसरा खेळ काढला. दुपार कलली की मोना आणि शांतिनाथशेठांचा चिराग मैनाच्या पाठीवर बसायचे. आत्या जीभ टाळ्याला लावून आवाज करायची. मैना वीतभर वर उठायची आणि तशीच, पाय न टेकता, गल्लीची एक फेरी मारायची. आत्यानं दोन्ही हातांनी मांडीवर थाप मारली की खाली यायची. दोन्ही हात लागायचे. एका हाताची थाप मैना मानायची नाही.

एक गोष्ट आत्या रोज सांभाळायची. मैनाला पाणी दिसू द्यायची नाही. पाणी दिसलं की मैना थेट मधोमध जाऊन बसते आणि कुशीवर वळते. पाठीवर कोण आहे हे ती बघत नाही. आणि दोन्ही पोरांना पोहता येत नव्हतं.

गल्लीच्या तालमीचा अध्यक्ष जोतीराम. तो यंदा महापालिकेला उभा राहणार होता. गल्लीत मिरवण्यासारखं आणखी काय आहे हे तो शोधतच होता. त्याला आत्या सापडली.

"आत्या, दिवाळीच्या पाडव्याला तुमचा सत्कार."

"कशाबद्दल रं?"

"ते ठरवू की."

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडं आलं. एम.ए. मराठी झालेल्या माणसाला गल्लीत तेवढंच काम असतं. मी साधं लिहिलं होतं. जोतीरामनं त्यात 'रणरागिणी' दोनदा घातलं.

तालमीसमोर स्टेज झालं. शेजारी बांबू बांधून तीन मजली डिजिटल फलक लागला. मधोमध जोतीराम, हात जोडून. भोवती शुभेच्छुक. खाली कोपऱ्यात आत्या, डोळे मिटून. ते मिटलेले डोळे बघून पलीकडच्या गल्लीतले दोघे विजयसिंहाला भेटले आणि "लई वाईट झालं" म्हणून गेले.

पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवतात. शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात. मग सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटरसायकली फाडफाड वाजवत पुढं जातात आणि म्हशी मागं पळतात. मैनालाही सजवलं. शिवाय जोतीरामच्या पोरांनी तिच्या कुशीवरचे केस कातरून 'जोतीदादा पर्व' असं लिहिलं. मैनानं मान वळवून ते बघितलं. तिला ते आवडलं नसावं.

आत्या स्टेजवर होती. खेळायची वेळ झाली. मोना आणि चिराग रोजच्यासारखे मैनाच्या पाठीवर चढले. तेवढ्यात सगळ्या मोटरसायकली एकदम वाजल्या.

मैना पळाली. तिसऱ्या उडीला तिनं जमीन सोडली. वीतभर नाही. विजेच्या तारांच्या वर, पाण्याच्या टाक्यांच्या वर.

गल्लीतले सगळे हात वर गेले. प्रत्येक हातात मोबाईल होता.

जोतीराम माइकवर होता. "आपल्या गल्लीची म्हैस आता आभाळात पोचल्याली हाय. पलीकडच्या तालमीची म्हैस जमिनीवरच हाय, याची मान्यवरांनी नोंद घ्यावी."

"माझी पोरगी वर हाय, भावजी!" वर्षाराणी ओरडली.

"दिसतीया की, वहिनी. लई भारी दिसतीया."

आत्या उठली. तिच्या डोक्याला फेटा बांधलेला होता, कानांवरून. अंगावर तीन शाली. उजव्या हातात गुच्छ, डाव्या हातात नारळ. "हात मोकळं करू द्या मला," ती म्हणाली. "थाप मारली की येतीया खाली."

तिनं गुच्छ खाली ठेवला. दुसरा आला. तो खाली ठेवला. माजी नगरसेवकांचा आला.

"ठेवू नका, आत्या. पाव्हण्यांचा अपमान हुतोय. फोटो राहिलाय."

"पोरं पडतील की रं!"

"आता थोडंच राहिलंय. मग मानपत्र, मग तुमचं उत्तर, मग आभार. मग घ्या की खाली. कोण नगं म्हणतंय?"

मैना घिरट्या घालत होती. एकेक घिरटी रंकाळ्याच्या बाजूला सरकत होती. वरून तळं कधी दिसेल, एवढाच प्रश्न होता. वर्षाराणी स्टेजपर्यंत आली होती. कार्यकर्त्यांनी तिला अडवलं. पुढच्या रांगेत जागा नव्हती.

मी जोतीरामला म्हटलं, "मानपत्र नंतर वाचू."

"क्रम मोडायचा न्हाय," तो म्हणाला.

मी पहिलं वाक्य वाचलं आणि शेवटचं वाचलं. टाळ्या पडल्या. मधलं कुणालाही चुकल्यासारखं वाटलं नाही.

मग माइक आत्याच्या तोंडापुढं आला. गल्ली शांत झाली. आत्यानं फेटा कपाळावरून वर सारला.

"मला एवढंच सांगायचं हाय, की…"

"आत्याऽऽ!" वरून मोनाचा आवाज आला. "पाणी दिसालंय!"

आत्यानं दोन्ही हात उघडले. गुच्छ पडले. नारळ प्रमुख पाहुण्यांच्या पायावर पडला. तिनं शाली फेकल्या, मांडीवर थाप मारली. मैना लांब गेली होती. तिला ऐकू गेलं नाही. मग आत्या स्टेजवरून उतरली, नऊवारीचा काष्टा खोचला आणि डिजिटल फलकावर चढू लागली. फलक फाटत गेला. मागचे बांबू तिला धरायला मिळाले. शुभेच्छुक एकेक करून खाली राहिले.

"आत्या, फोटूवर पाय देऊ नगा!" जोतीराम माइकवरूनच ओरडला.

"मग एवढं दारागत तोंड छापलंस कशाला?" आत्यानं त्याच्या नाकावर पाय दिला आणि वर गेली.

टोकाला उभी राहून तिनं दोन्ही हातांनी थाप मारली. "मैनाऽ! हिकडं ये, बाय माझी!"

मैना थबकली. तळ्याकडं बघितलं. आत्याकडं बघितलं. मग वळली आणि फलकापाशी येऊन आभाळातच उभी राहिली. आत्या तिच्यावर बसली. चिरागचं घर जवळ होतं. शांतिनाथशेठ गच्चीवर व्हिडिओ काढत उभे होते.

"शेठ, फोन ठेवा आन् पोरगं घ्या."

त्यांनी फोन खिशात घातला आणि पोरगं घेतलं. मग मोनाला घेतलं. वर्षाराणी जिन्यानं धावत वर पोचली. तिनं मोनाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिला इतकं घट्ट धरलं की मोनाला बोलता येईना. सोडल्यावर मोना म्हणाली, "अजून एकदा."

पोरं उतरली. आता मैना खाली यायला हवी होती. पोरांशिवाय जादू चालत नाही. ती आली नाही. आत्या तिच्या पाठीवर दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसली होती आणि पाय हलवत होती. वय साठीच्या पुढं. मी गच्चीवर पोचले होते. मी चिरागला विचारलं, हे कसं?

"ती बी पोरगीच हाय की," तो म्हणाला.

खालून जोतीरामचा आवाज आला. "आत्या, उत्तर राहिलं की तुमचं! या खाली!"

"आलोच," आत्या म्हणाली. "म्हशीला पाणी दावून येतो."

मैना रंकाळ्यावर गेली. उतरली नाही. तळ्यावरून पुढं गेली, दक्षिणेला. कवड्यांची माळ थोडा वेळ चमकली. मग 'जोतीदादा पर्व' दिसेनासं झालं. मग दोघीही.

कुणी म्हणतं, गडहिंग्लजच्या बाजारात आत्या दिसली. तिथल्या पोरांबरोबर होती. विजयसिंह जाऊन आला. त्याला फक्त पोरं दिसली. ती सगळी भर दुपारी रस्त्याच्या मधोमध सावलीत खेळत होती. वर झाड नव्हतं.

गल्लीतलं स्टेज अजून तसंच आहे. उत्तर झाल्याशिवाय आभार मानता येत नाहीत, असं जोतीराम म्हणतो. आभार झाल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही. कार्यक्रम संपल्याशिवाय मंडप काढता येत नाही. फलक त्यानं नवा लावला आहे. यात आत्या नाही.

मी जाता-येता स्टेजसमोर थांबते. आत्याला एवढंच काय सांगायचं होतं, याचा विचार करते. तिचं वाक्य 'की'पर्यंत आलं आहे. पुढचं व्हायचं आहे.