मोहाखालच्या बोराट्या

बोराटीचं झुडूप दिसलं की ते प्रकरण मला अजून आठवतं, आणि मन खट्टू होतं.

गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. गावाबाहेर इंग्रजांच्या काळातली मोठी बाग आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे फौजेची छावणी पडली होती. छावणीत तापाने गेलेले गोरे सोल्जर बागेच्याच एका कोपऱ्यात पुरले. दगडांच्या दोन रांगा आणि भोवती तारेचं कुंपण. तिकडे सहसा कुणी फिरकत नसे.

त्या आठवड्यात ठाण्यात एक मिसिंग दाखल होती. नवऱ्याशी भांडून निघालेली एक तरुण सून माहेरी पोहोचलीच नव्हती. तिचा बाप रोज येऊन ठाण्याच्या ओट्यावर बसायचा. अशात एका सकाळी बागेचा चौकीदार धापा टाकत आला. "साहब, गोरों की कबर के पीछे किसी ने गड्ढा खोदकर भरा है!" ओट्यावरच्या बापाने ते ऐकलं. मला त्याच्याकडे बघवेना.

जागेवर गेलो. शेवटच्या रांगेच्या टोकाला, मोहाच्या झाडाखाली माती ताजी होती. वर बोराटीचे काटे अंथरून त्यांवर दगड ठेवलेले. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून आमच्याकडे मयताच्या मातीवर असे काटे घालतात. जमादार म्हणाला, "मर्डरच होय साहेब." मला मात्र ते काटे खटकले. खून पचवणारा माती लोटतो आणि पळतो, तो कोल्ह्याची कशाला काळजी करेल? पुरणारा माणूस आतल्याचा कुणीतरी सख्खा होता.

मग आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये चौकशी लावली. बौद्ध वस्तीतल्या एका गवंड्याची म्हातारी आई दिसत नव्हती. तो शेजाऱ्यांना सांगत होता की माय आमगावले बहिणीकडे गेली. आम्ही आमगावला माणूस पाठवला. बहिणीकडे कुणीच आलं नव्हतं.

गवंड्याला ठाण्यात आणलं. डोक्याचे केस पांढरे झालेला माणूस, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून बसला. दरडावून झालं, गोडीत विचारून झालं. तोंडातून शब्द नाही. चोराच्या मनात चांदणं, असं जमादार मला ऐकू येईल इतपत पुटपुटला. शेवटी मी म्हणालो, "काटे मात्र नीट घातलेस."

"कोल्हे लय हायेत तिथं," तो म्हणाला आणि ढसाढसा रडला.

"मग इतका वेळ गप्प काऊन बसला?"

"सांगतलं असतं त तुमी तिले काढलं असतं."

त्याचा बाप फौजेच्या छावणीत मजुरीला होता. तिथेच तापाने गेला. सोल्जरांनी त्याला आपल्याच रांगेच्या टोकाला माती दिली, पण मजुराच्या डोक्याशी दगड कोण लावणार? "मी पोटात होतो साहेब. जागा मायलेच ठावूक. दर वैशाख पुनवेले मले घेऊन जाये, मोहाखाली मेनबत्ती लावे. मरताना म्हने, मले त्याच्या बाजूले ठेवजो. आता आमाले परवानगी कोन देते?" म्हातारी आजारपणाने गेली होती. त्याने आणि त्याच्या मोठ्या भावाने रात्रीच तिला तिथे नेलं होतं.

त्याचं बोलणं मला खरं वाटलं. पण ठाणेदाराला वाटून चालत नाही, आणि बाहेर ओट्यावर तो बाप बसलेला होता. तहसीलदारांचा हुकूम घेतला, डॉक्टर आले, पंच आले, माती उकरली. पांढऱ्या लुगड्यात म्हातारी होती. अंगावर कसलीही इजा नाही, मृत्यू नैसर्गिक, असा डॉक्टरांनी अभिप्राय दिला. ती तुझी मुलगी नाही, हे ओट्यावरच्या बापाला मी स्वतः सांगितलं, तर तो माझ्या पायावरच कोसळला.

गवंड्याने हात जोडले. "पाहून झालं ना साहेब? आता राहू द्या तिले तिथंच."

मी बाग सांभाळणाऱ्या खात्याच्या साहेबांना फोन केला, तहसीलदारांनीही शब्द टाकला. उत्तर एकच, ती जागा फौजेची आहे आणि दफनासाठी बंद आहे. संध्याकाळी आम्हीच आमच्या गाडीतून म्हातारीला गावाच्या मसनवटीत नेलं. तिथेही त्याने बोराट्या तोडून आणल्या. माझा जमादार, आधी मर्डर म्हणणारा, न सांगता त्याला काटे दाबायला मदत करत होता.

हरवलेली सून पुढे बालाघाटला मैत्रिणीकडे सुखरूप सापडली. तिचा बाप ठाण्यात पेढे घेऊन आला. मी माझा पेढा कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला.

गप्प बसणारा काहीतरी लपवतो, असं आम्हाला नोकरीत शिकवलं होतं. तो काहीतरी जपतही असतो, हे मला त्या गवंड्याने शिकवलं. कायद्याने मी चुकलो नव्हतो आणि आजही तसंच करावं लागलं असतं. वाईट वाटतं ते याचंच.

बदली होण्याआधी आमच्या जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या बाजारात तो भेटला. मीच थांबून विचारलं, कसं काय चाललंय? राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर.

"बरं हाये साहेब," तो म्हणाला. "पहिले एकाच जागी मेनबत्ती लावत होतो. आता दोन जागी लावा लागते."